काटा मधोमध

मिस्त्रीने हात पुसत पुसत सांगितलं की ब्लॉकला तडा गेलाय, इंजिन आता कामाचं राहिलं नाही, आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की मिस्त्रीच्या शर्टाचं एक बटण वेगळं आहे. बाकीची पांढरी, हे एक तपकिरी, चार भोकांऐवजी दोन भोकांचं. कुणी लावलं असेल? बायकोने लावलं असतं तर तिने जुळणारं शोधलं असतं, म्हणजे यानेच लावलं असणार. "ऐकताय ना?" मिस्त्री म्हणाला. "ऐकतोय," तो म्हणाला. ऐकण्यावरच तर त्याचं पोट होतं. कानांच्या दवाखान्यात, जाड गाद्या लावलेल्या एका खोक्याएवढ्या खोलीत तो माणसांना बसवायचा, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायचा, आणि काचेच्या अलीकडून एकेक स्वर सोडायचा, आधी मोठा, मग बारीक, मग अगदी असून नसल्यासारखा. ऐकू आलं की बटण दाबा, न आलं तर दाबू नका, असं तो दिवसभर सांगायचा. आत्ता मिस्त्रीच्या तोंडून जे आलं ते त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं. बटण मात्र दाबलं जात नव्हतं. आणि हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि बाबा गेले म्हणून सांगितलं, तेव्हाही याने त्यांच्या पायांकडे पाहिलं होतं. एका मोज्याचं इलॅस्टिक सैल होऊन मोजा घोट्यावर गोळा झाला होता. मग याने डॉक्टरांचे आभार मानले आणि विचारलं, गाडी मागच्या गेटला आणू का. डॉक्टर जरा बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, काय माणूस आहे.

सगळ्यांनाच तसं वाटलं, फक्त प्रत्येकाने त्याला निराळं नाव दिलं. नातेवाईक म्हणाले धीराचा आहे. शेजारी म्हणाले, मुलगा असावा तर असा, सगळं एकट्याने निस्तरलं. ताई, त्याची थोरली बहीण, रडून रडून डोळ्यांचे बटाटे करून घेतलेली, विमानतळावर निघताना म्हणाली, "दगड आहेस तू मेल्या." आणि मग त्याच दगडाला मिठी मारून पुन्हा रडली. याने तिच्या पाठीवर थोपटलं. किती वेळ थोपटायचं असतं ते त्याला कळेना, म्हणून ती थांबेपर्यंत थोपटत राहिला. रडू येईल, आपलंही येईल, असं त्याला वाटत होतं. आपली पाळी जरा उशिरा असेल, म्हणून तो आठवडेच्या आठवडे वाट पाहत राहिला. जेवायचा, झोपायचा, लोकांच्या कानांत स्वर सोडायचा. हिवाळा गेला, पंखे सुरू झाले, पाळी काही आली नाही. मग त्याने वाट पाहणंही सोडलं. कुणी विचारलं, बरा आहेस ना, की तो म्हणायचा, बरा आहे. आणि ते खोटंही नव्हतं. बरं नसण्यासाठी जे काही लागतं तेही त्याच्यापाशी नव्हतं.

गाडी बाबांची. सहा सिलिंडरची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, आणि बॉनेट एवढं लांब की वळणावर गाडीचं नाक आधी वळायचं आणि आपण नंतर. बाबा पाणीखात्यात मीटर तपासायचे. त्यांच्या थोरल्या साहेबांची ही गाडी म्हातारी झाली तेव्हा खात्याने लिलावात काढली, आणि ज्या माणसाने जन्मात सायकलपलीकडे काही घेतलं नव्हतं त्याने ती घेतली. आईने दारात उभं राहून एकदा गाडीकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणलीत माझी सवत." तेव्हापासून गाडीचं नाव सवत पडलं. "सवतीला अंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या." "सवतीला आज नवे टायर का? बघा बाई, आमच्या चपला दोन वर्षांच्या." बाबा हसायचे नाहीत, पण त्यांचे कान तांबडे व्हायचे. रोज सकाळी ते घराच्या मागच्या शेडमध्ये जाऊन गाडी सुरू करून तापवायचे, कुठे जायचं असो वा नसो. आधी एक खोकला, मग दुसरा, मग इंजिन घसा साफ केल्यासारखं होऊन एका भरीव, खालच्या सुरात लागायचं. शेडच्या बरोबर वर आईबाबांची झोपायची खोली. खिडकीत ठेवलेल्या पेल्यातला चमचा त्या सुरावर बारीक किणकिणायचा आणि आई त्यावर उठायची. घरात घड्याळ होतं, पण गजर लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. लग्न करायचं राहूनच गेल्यामुळे तो याच घरात, याच आवाजावर पोरवयातून प्रौढ झाला. तो सूर त्याच्या कानांत एवढा मुरला होता की दवाखान्याच्या यंत्रावर तो कुठे बसेल हे तो झोपेतही सांगू शकला असता. बाबा गेले, पाहुणे पांगले, आणि पहिल्या रिकाम्या सकाळी तो जागा होऊन पडला होता तेव्हा त्याला वाटलं, आई कशावर उठेल? घर एवढं गप्प आहे, ती उठेल कशी? तो उठला, शेडमध्ये गेला, आणि त्याने गाडी सुरू केली. खोकला, खोकला, सूर. थोड्या वेळाने आई खाली आली. "झालं का?" तिने विचारलं. "झालं," तो म्हणाला. मग रोज तेच झालं. दिवसभरात दोघांचं तेवढंच बोलणं व्हायचं, आणि दोघांना ते पुरेसं आहे असं त्याला वाटायचं.

तडा जायचं कारण तसं सोपं होतं. सुट्टीच्या दिवशी तो गाडी घेऊन शहराबाहेरच्या चढाच्या रस्त्याने निघाला, बॅटरी जरा भरेल म्हणून. अर्ध्या चढावर इंजिनातून बारीक टकटक यायला लागली, डब्यात खडे हलवल्यासारखी. त्याने ती ऐकली. ती कुठल्या पट्टीतली आहे तेही त्याच्या लक्षात आलं. मग तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा मधोमध होता, ना थंडगार ना गरम, जिथे असावा तिथे. तो पुढे गेला. इंजिनाकडून गोडसर वास आला, त्याने खिडकी वर केली. टकटक वाढली, त्याने पुन्हा काट्याकडे पाहिलं, काटा मधोमध. कान बोंबलून सांगत होते आणि डोळे म्हणत होते सगळं ठीक आहे, आणि त्याने डोळ्यांचं ऐकलं. मग बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली, काहीतरी आतल्या आत कडाडलं, आणि तो रस्त्याच्या कडेला एका पानटपरीएवढ्या सावलीत उभा राहिला. येणारे-जाणारे काचा खाली करून विचारत होते, काय झालं? तो सांगत होता, काही नाही, गरम झाली. आणि त्या वाफेकडे पाहताना त्याला हेही कळत होतं की बाबांच्या हातची जी एकच गोष्ट रोज जिवंत होत होती ती आपण आत्ताच मारली. कळत होतं, एवढंच.

मिस्त्री मोकळा माणूस होता, त्याने तीन रस्ते पुढे मांडले. एक, तशाच गाडीचं तसंच इंजिन कुठे भंगारात मिळालं तर ते. पण ते याच्याएवढंच म्हातारं असणार. दोन, त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीतलं सहा सिलिंडरचं. त्याच घराण्यातलं पण शिकलेलं, शांत. त्याला टेकवायची माउंटिंग नवी करावी लागतील, वायरिंग बदलावं लागेल, पण बसलं की विसरून जा. तीन, चार सिलिंडरचं कुठलंही. हे तिसरं ताईचं होतं. तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "एक तर विकून टाक, नाहीतर एखादं छोटं इंजिन बसव आणि मोकळा हो. आईला बाहेर न्यायला हवीय ना गाडी? मग चाललं म्हणजे झालं." मिस्त्रीने ते ऐकून कपाळावर हात मारला. "बसेल हो. न बसायला काय झालं? पण एवढ्या लांब बॉनेटखाली चार सिलिंडर, म्हणजे मोठ्या बंगल्यात एकटा भाडेकरू." तो हसला नाही. त्याला घरातल्या खोल्या आठवल्या, जेवायच्या टेबलाची दोन रिकामी टोकं आठवली. "तसंच मिळतंय का बघू," तो म्हणाला. "अगदी तसंच." मिस्त्रीने मान डोलावली, पण नाखुशीनेच. "हौसेला मोल नसतं म्हणा. पण मला विचाराल तर दुसरं घ्या. आईंना त्रास नाही, तुम्हाला नाही." याने आईचा त्रास वगैरे ऐकलंच नाही. आईला काय हवं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला सकाळी तो सूर हवा होता. आणि आपल्याला काय हवं, हे त्याने मिस्त्रीला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. तो सूर आता बरेच दिवस बंद होता. पुन्हा अचानक कानावर पडला तर, एखादे वेळी, आपली पाळी येईल. रडू येईल. इंजिनाकडून त्याची एवढीच अपेक्षा होती, आणि ती वेडगळ आहे हेही त्याला समजत होतं.

भंगाराच्या आवारात गाड्या एकीवर एक रचलेल्या होत्या आणि त्यांची काढलेली इंजिनं लाकडी ओंडक्यांवर ओळीने मांडली होती, काही ताडपत्रीखाली, काही उघडी. मालकाला सगळे मामा म्हणत, तो कुणाचाच मामा नसला तरी. मामाने सहा सिलिंडरची दोन इंजिनं बाजूला काढून ठेवली होती. नवं एका कोपऱ्यात, त्याच्या वायरींचा गुंता वर बांधलेला. जुनं मधे, लोखंडी घोडीवर. "ज्या गाडीतलं आहे ती मागून ठोकली गेली," मामा म्हणाला. "पुढचा भाग शाबूत. म्हातारी होती, पण घरचीच वापरातली." त्याने रेडिएटरच्या जागी नळी जोडली, पेट्रोलची बाटली वर टांगली, बॅटरीच्या वायरी लावल्या आणि म्हणाला, "ऐका." तो घोडीपासून थोडा लांब, दवाखान्यात काचेपासून उभा राहायचा तेवढाच लांब उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. खोकला. दुसरा खोकला. मग तो सूर लागला. तोच. खालचा, भरीव, मधेच एक ठोका किंचित ओढून घेणारा. त्यात कसलाच फरक नव्हता. फरक असता तर त्याला कळला असता. तो वाट पाहत राहिला. त्याने मुद्दाम बाबांची पाठ आठवली, शेडच्या दारातली, बनियनमधली, मानेवर साबण राहून गेलेली. आईच्या खिडकीतला चमचा आठवला. त्याच्याकडे तपासायला येणाऱ्यांत काही माणसं असायची, जी याने स्वर सोडलेला नसतानाही बटण दाबायची, उगाच, आपल्याला ऐकू यायलाच हवं म्हणून. आपणही तसंच करू पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं. इंजिन चालत राहिलं आणि आत काहीही हललं नाही. मग मात्र तो घाबरला. म्हणजे हे असंच राहणार? आता यापुढे काहीच नाही? आणि भीती तरी वाटतेय याचं त्याला थोडं बरं वाटलं. "काय, कसं वाटतंय?" मामाने ओरडून विचारलं. "हेच," तो म्हणाला. "हेच पाठवा." एकदा ऐकून नसेल झालं तर रोज ऐकून होईल, असा त्याने हिशोब केला. आणि आईला तरी हवंच होतं.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने त्याला बोलावून घेतलं. डॅशबोर्ड उघडून ठेवला होता आणि मिस्त्रीच्या तळहातावर ते तापमानाचं गोल मीटर होतं, काच काढलेलं. "तुमची चूक नव्हती म्हणायची," मिस्त्री म्हणाला. "हे बघा." काट्याच्या मुळाशी गोंदाचा एक पिवळट थेंब सुकून खडा झाला होता. काटा मधोमध चिकटवलेला होता. "बिघाड नाही हा. कुणीतरी हाताने केलंय, आणि निगुतीने केलंय. जुनं काम आहे." तो त्या थेंबाकडे पाहत राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे मीटर तपासणारा, मीटरशी खेळ करणाऱ्यांना दंड करणारा माणूस, त्याने आपल्याच गाडीत हे केलं होतं. कशासाठी ते त्याला लगेच कळलं. लहानपणी तो मागच्या सीटवर असायचा, आई पुढे, आणि चढ लागला की आईचं सुरू व्हायचं. काटा वर चाललाय. अहो, काटा वर चाललाय. बाबा म्हणायचे, "चालू दे. थांबेल मधे." ती म्हणायची, कसला थांबतोय, गाडी उभी करा, पाणी घाला, मला उतरायचंय. तिला खरंच धाप लागायची. आणि मग एका सहलीपासून तिने म्हणणं सोडलं होतं. ती सीटला टेकून बाहेर बघायला लागली होती, एकदा गाणंही गुणगुणली होती. त्याला वाटलं होतं, गाडी सुधारली. बाबा मात्र त्या दिवसापासून एकट्याने नाक आणि कान उघडे ठेवून गाडी हाकत होते, आणि हे कुणाला सांगायचं राहून गेलं होतं.

रात्रीच्या जेवणाला त्याने आईला हे सांगितलं. कसं सांगावं ते न कळून त्याने ते बातमी सांगावी तसं सांगितलं. आईचा घास हातातच राहिला. मग ती हसायला लागली, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. असं हसताना त्याने तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "लबाड," ती म्हणाली. "लबाड माणूस. आणि मी मेली सगळ्यांना सांगत फिरायचे की यांनी काय सुंदर दुरुस्त केली गाडी." तिने डोळे पुसले. त्याला वाटलं, हीच वेळ. तो म्हणाला, "आई, इंजिन मिळालं. अगदी तसंच. मी ऐकून आलो. आवाजात तसूभर फरक नाही." आईचं हसू विरलं. ती पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिली.

"मग मीही एक सांगते," ती म्हणाली. "रागावू नकोस. तसलं नको आणूस."

"तसलं म्हणजे?"

"तो आवाज नको, बाळा." तिने पेला थोडा लांब सरकवला. "सकाळी तो आवाज व्हायचा ना, तेव्हा मी झोपेतच असायचे. मला वाटायचं, उठले हे. आता खालून ओरडतील, किल्ली कुठे ठेवलीस म्हणून. मी कूस बदलून म्हणायचेसुद्धा, तिथेच आहे बघा खुंटीला. आणि मग डोळे उघडायचे. रोज. रोज मला नव्याने कळायचं."

त्याच्या हातातलं पाणी टेबलावर सांडलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुझ्यासाठी. बाप गेला तरी तू टिपूस काढलं नाहीस. तेवढी एक गाडी सुरू करायचास. म्हटलं, याचा तेवढाच आधार असेल. माझं काय, मी सोसते."

"मी तुझ्यासाठी करत होतो."

आईने फडकं घेऊन सांडलेलं पाणी टिपलं, त्याच्या ताटाखालचंही. "म्हणजे गोंद लावणारे तुझे बाबा एकटेच नव्हते," ती म्हणाली, आणि पुन्हा हसणार असं वाटलं पण हसली नाही. "गाडी बंद पडल्यापासून एक बरं झालंय. जाग येते तेव्हा मला आधीच माहीत असतं की ते नाहीत. वाईट वाटतं रे. पण आता एकदाच वाटतं." त्याला लाज वाटली, कान तापेपर्यंत लाज वाटली. दिवसभर काचेअलीकडून लोकांच्या चेहऱ्यावरची पापणी हलली तरी टिपणारा तो, आणि वरच्या मजल्यावर रोज सकाळी काय होत होतं ते त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने ताटं उचलली आणि घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासत राहिला.

मामाला त्याने फोन करून सांगितलं की कोपऱ्यातलं पाठवा. मामा म्हणाला, अहो, हेच हेच करत होतात ना? "आईचं ऐकलं," तो म्हणाला. मिस्त्री खूश झाला, "मी काय सांगत होतो?" हे त्याने आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलं, आणि मान खाली घालून कामाला लागला. माउंटिंग कापून नवी जोडली, वायरी एकेक सोडवून ओढल्या, ब्लेडच्या टोकाने काट्यावरचा गोंद खरवडून काढला. तडा गेलेलं इंजिन गॅरेजच्या भिंतीशी पडून होतं. तो कधीमधी त्याच्या ब्लॉकवर हात ठेवायचा. लोखंड गार असायचं.

गाडी तयार झाली त्या सकाळी आई बरोबर आली. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर अशी पडलीच नव्हती. तिने चांगली साडी नेसली होती, आणि गॅरेजात शिरताच तिने गाडीला आधी नखशिखान्त पाहून घेतलं. "बारीक झाली का गं?" ती गाडीलाच म्हणाली, आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली, आपल्या जागेवर. तो बाबांच्या जागेवर बसला. मिस्त्री खिडकीत वाकून उभा राहिला. त्याने किल्ली फिरवली आणि खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला नाही. लागली नाही वाटतं, असं म्हणून त्याने किल्ली पुन्हा फिरवली, आणि सेल्फ असा करवादला की मिस्त्रीने दातांवर दात धरले. आईने झटकन त्याचं मनगट धरलं.

"अरे, चालू आहे ते," ती म्हणाली. "केव्हाची चालू आहे."

त्याने किल्ली सोडली. हात स्टिअरिंगवर टेकवला. तळव्याला, अगदी बारीक, लागलं काहीतरी. त्याच्या कानांना सापडायला वेळ लागला, पण मग सापडलं; हलका, सलग, अनोळखी सूर होता तो. तापमानाचा काटा तळाशी, थंडीच्या खुणेवर पडून होता. तो काटा तिथे त्याने कधीच पाहिला नव्हता, किंवा एवढा लहान असताना पाहिला होता की पाहिल्यात जमा नव्हता. त्याला वाटलं मिस्त्रीने जोडायचं राहिलं असेल. तो विचारणार होता, तेवढ्यात काटा हलला. थरथरला, जरा थांबला, आणि केसाकेसाने वर सरकायला लागला. आईही तिकडेच पाहत होती. ती पुढे वाकली.

"अरे," ती म्हणाली, तिच्या जुन्या, मागच्या सीटवरून ऐकलेल्या आवाजात. "काटा वर चाललाय. बघतोयस ना? काटा वर चाललाय."

यावर काय म्हणायचं असतं ते त्याला पाठ होतं. ते म्हणायला त्याने तोंड उघडलं. घशातून शब्दाऐवजी भलताच काहीतरी आवाज निघाला, एखाद्या परक्या माणसाचा वाटावा असा, आणि मग दुसरा निघाला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मीटर, काटा, काच, समोरचं लांब बॉनेट, सगळं एकमेकांत विरघळून गेलं. मिस्त्री खिडकीतून सरळ झाला आणि कुठलातरी पाना शोधायला आत निघून गेला. आईने त्याच्या मनगटावरचा हात काढला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती काट्याकडेच पाहत होती.

"चालू दे," ती म्हणाली. "थांबेल मधे."